फ्लोरीन सर्वांत अभिक्रियाशील का? हॅलोजनांच्या स्वभावाचा जमाखर्च

पुण्यातील बारावीच्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनचा अणू फ्लोरीनच्या अणूपेक्षा अधिक ऊर्जा बाहेर टाकतो असे पुस्तकातील तक्ता सांगतो, मग तेच पुस्तक फ्लोरीनला हॅलोजनांमध्ये, म्हणजे फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या मूलद्रव्यांच्या कुटुंबात, सर्वांत अभिक्रियाशील का म्हणते? दुसरा प्रश्न प्रात्यक्षिकातला आहे. आयोडाइडच्या परीक्षेत क्लोरीन-पाणी घातल्यावर तिच्या परीक्षानळीत सुंदर जांभळा थर आला, तिने आणखी क्लोरीन-पाणी घातले आणि तो रंग नाहीसा झाला. तो का गेला?

पुण्यातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तीस वर्षांहून अधिक काळ हे दोन्ही प्रश्न मी दरवर्षी ऐकत आलो आहे, आणि ते ऐकून मला नेहमी आनंदच झाला, कारण तक्ता नुसता पाठ न करता त्यातील दोन ओळी एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाच पहिला प्रश्न पडतो. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ‘अभिक्रियाशीलता’ हा एखाद्या अणूच्या अंगचा, वजनासारखा मोजता येणारा गुण आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो अनेक बाबींचा मिळून होणारा हिशेब असतो, आणि समोर कोण आहे व अभिक्रिया कोणत्या माध्यमात घडते आहे यावर त्याची शिल्लक ठरते.

तक्त्यातील आकडा आहे तो असा. एकट्या, वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारला तर दर मोलमागे बाहेर पडणारी ऊर्जा फ्लोरीनसाठी सुमारे ३२८ किलोज्यूल, क्लोरीनसाठी ३४९, ब्रोमीनसाठी ३२५ आणि आयोडीनसाठी २९५ आहे. फ्लोरीनचा अणू अतिशय लहान असल्याने त्याच्या दुसऱ्या कवचात सात इलेक्ट्रॉन दाटीवाटीने असतात, आणि आठवा येतो तेव्हा आधीचे सातजण त्याला दूर लोटतात. केंद्रकाचे आकर्षण प्रबळ असूनही या प्रतिकर्षणामुळे मिळकत थोडी घटते. क्लोरीनच्या तिसऱ्या कवचात जागा ऐसपैस असल्याने तेथे ही अडचण कमी होते. तक्ता बरोबर आहे. मात्र ही ओळ म्हणजे संपूर्ण हिशेब नव्हे.

फ्लोरीन आपल्या हाती सुट्या अणूंच्या रूपात येत नाही, दोन अणूंच्या रेणूच्या रूपात येते. म्हणून पहिला खर्च रेणू तोडण्याचा आहे. क्लोरीनच्या रेणूतील बंध तोडायला सुमारे २४२ किलोज्यूल लागतात, तर फ्लोरीनच्या रेणूला केवळ १५९, म्हणजे एका अणूच्या वाट्याला अनुक्रमे १२१ आणि ७९. एवढा लहान अणू असून त्याचा बंध इतका दुबळा कसा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि त्याचे उत्तर पुन्हा त्या दाटीतच सापडते. फ्लोरीनच्या रेणूत दोन केंद्रकांमधील अंतर अवघे १४२ पिकोमीटर असते, क्लोरीनमध्ये ते १९९ असते. दोन्ही फ्लोरीन अणूंवरच्या प्रत्येकी तीन एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या इतक्या जवळ येतात की त्या एकमेकींना ढकलतात आणि बंध खिळखिळा होतो.

तिसरी बाब पाण्याची. आपल्या बहुतेक अभिक्रिया पाण्यात होतात, आणि तेथे तयार झालेल्या ऋण आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होताना ऊर्जा मोकळी होते. आयन जितका लहान तितका त्याचा प्रभार एकवटलेला आणि तितके पाण्याचे आकर्षण अधिक. फ्लोराइडसाठी ही जलयोजन ऊर्जा सुमारे ५१५ किलोज्यूल आहे, क्लोराइडसाठी ३८१, ब्रोमाइडसाठी ३४७, आयोडाइडसाठी ३०५. निरनिराळ्या पुस्तकांत हे आकडे थोडे पुढेमागे दिसतील, पण त्यांचा क्रम बदलणार नाही.

आता जमाखर्च मांडू. फ्लोरीनने ७९ खर्च केले आणि ३२८ व ५१५ मिळवले; शिल्लक ७६४. क्लोरीनने १२१ खर्च केले आणि ३४९ व ३८१ मिळवले, शिल्लक ६०९. ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू असल्याने त्यांना बाष्परूपात आणण्याचा खर्चही धरावा लागतो. तो धरून ब्रोमीनची शिल्लक सुमारे ५६० आणि आयोडीनची ४९३ येते. इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या एका ओळीत फ्लोरीन क्लोरीनपेक्षा २१ किलोज्यूलने मागे पडले, पण बंध तोडण्यात ४२ आणि जलयोजनात १३४ पुढे गेले. ज्या लहानपणामुळे तोटा झाला त्याच लहानपणामुळे हा नफाही झाला. वर्गात मी हे चार हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी मांडत असे आणि बेरीज विद्यार्थ्यांकडून करून घेत असे, कारण स्वतः केलेली बेरीज विसरली जात नाही.

हाच क्रम प्रमाण विद्युत विभवांतही, म्हणजे पाण्यातील द्रावणात इलेक्ट्रॉन खेचून घेण्याच्या ओढीच्या मापातही, उतरलेला दिसतो: फ्लोरीन अधिक २.८७ व्होल्ट, क्लोरीन १.३६, ब्रोमीन १.०७ आणि आयोडीन ०.५४. पाणी नसेल, म्हणजे कोरड्या सोडियमशी अभिक्रिया होत असेल, तर जलयोजनाची जागा स्फटिकाची जालक ऊर्जा घेते. तेथेही लहान आयनाचाच वरचष्मा असल्याने क्रम तोच राहतो.

२.८७ या आकड्याचा अर्थ इतिहासात फार स्पष्ट दिसतो. क्लोरीन शेले यांनी १७७४ मध्ये, आयोडीन कूर्त्वा यांनी १८११ मध्ये आणि ब्रोमीन बालार यांनी १८२६ मध्ये मिळवले. या तिन्ही वेळी एखाद्या ऑक्सिडकाने, म्हणजे दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणाऱ्या पदार्थाने, किंवा आम्लाने काम भागले. फ्लोराइडकडून मात्र इलेक्ट्रॉन काढून घेईल असा ऑक्सिडक कोणाकडेही नव्हता. आंरी म्वासाँ यांनी १८८६ मध्ये निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये पोटॅशियम हायड्रोजन फ्लोराइड विरघळवून, प्लॅटिनमच्या उपकरणात, अतिशय थंड ठेवलेल्या द्रवाचे विद्युत अपघटन केले, तेव्हा कुठे हा वायू सुटा झाला. त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याआधी या कामात अनेक रसायनशास्त्रज्ञांना गंभीर इजा झाल्या, काहींचे प्राण गेले. तक्त्यातील त्या एका आकड्यामागे ही किंमत मोजलेली आहे.

येथे उत्तरपत्रिकांत वारंवार दिसणाऱ्या एका चुकीकडे लक्ष वेधतो. ‘फ्लोरीन-पाणी मिठाच्या द्रावणात घातल्यास क्लोरीन विस्थापित होते’ असे विद्यार्थी लिहितात. फ्लोरीन-पाणी असे काही नसतेच. फ्लोरीन पाण्यात शिरताच पाण्यातील ऑक्सिजनकडूनच इलेक्ट्रॉन हिरावून घेते. हायड्रोजन फ्लोराइड तयार होते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. क्रम तोंडपाठ असला तरी माध्यम विसरले की असे उत्तर लिहिले जाते.

खरे तर क्लोरीनही पाण्याचे ऑक्सिडीकरण करू शकते, कारण त्यासाठी तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात आणि क्लोरीनकडे १.३६ आहेत. तरी क्लोरीन-पाणी बाटलीत राहते, कारण ही अभिक्रिया अतिशय मंद आहे. ऊर्जेचा हिशेब अभिक्रिया शक्य आहे की नाही एवढे सांगतो. ती किती वेगाने होईल हे सांगत नाही. सूर्यप्रकाशाने मात्र तिला वेग येतो. एप्रिलच्या पुणेरी उन्हात खिडकीपाशी पारदर्शक बाटलीत क्लोरीन-पाणी राहिले, तर त्यातील हायपोक्लोरस आम्लाचे अपघटन होऊन ऑक्सिजन निघून जातो आणि बाटलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल उरते. म्हणूनच ते तपकिरी बाटलीत, सावलीत ठेवायचे आणि शक्यतो त्याच दिवशी तयार करायचे. प्रात्यक्षिकात ‘परीक्षा आलीच नाही’ अशी तक्रार आली की मी प्रथम बाटली हुंगून पाहत असे, अर्थात हाताने वारा घेऊन, नाक बाटलीला लावून नव्हे.

हायपोक्लोरस आम्लाचे नाव आले आहे तर थोडे नळाच्या पाण्याविषयी बोलायला हवे, कारण पुणेकर रोज हे रसायन पितात. खडकवासल्याचे पाणी पर्वती जलकेंद्रात शुद्ध होते तेव्हा जंतुनाशनासाठी क्लोरीन वापरले जाते. क्लोरीन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायपोक्लोरस आम्ल देते, आणि जंतू मारण्याचे मुख्य काम हे दुसरे आम्ल करते. त्याचा रेणू उदासीन असल्याने तो जंतूच्या पेशीभित्तिकेतून आत शिरतो. त्याचा हायपोक्लोराइट आयन ऋण प्रभारित असल्याने तितका शिरू शकत नाही आणि पुष्कळ दुबळा ठरतो. पाण्याचा सामू ७.५ च्या आसपास असताना दोन्ही रूपे जवळपास निम्मी निम्मी असतात, आणि सामू वाढला की दुबळे रूप वाढते. याचा अर्थ, तेवढेच क्लोरीन घातलेले पाणी आम्लारिधर्मी असेल तर त्यातील जंतुनाशन कमी होते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. गावोगावचे जलसुरक्षक ‘ओटी’ (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करून पाण्याला पिवळा रंग येतो का हे पाहतात, ते या शिल्लक क्लोरीनसाठीच.

गावात जिला ‘टीसीएल पावडर’ म्हणतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते. पावसाळ्यात पोत्याचे तोंड उघडे राहिले तर हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यातून क्लोरीन बाहेर काढतात. पोते भरलेले दिसते, पण त्यातील सत्त्व गेलेले असते. उरलेल्या पांढऱ्या भुकटीवर विसंबून गावाला पाणी पाजणे धोक्याचे आहे, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात आग्रहाने सांगितले आहे.

याच रसायनाची दुसरी, अधिक तातडीची बाजू घराघरात आहे. स्नानगृह अधिक स्वच्छ व्हावे म्हणून ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकून वरून फरशीचे अॅसिड ओतण्याची सवय अनेक घरांत दिसते. फरशीच्या अॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. हायपोक्लोराइटमधील क्लोरीनचा ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले किंवा मिळवले असे धरायचे तो अंक, अधिक १ आहे आणि आम्लातील क्लोराइडचा उणे १. आम्ल मिळताच दोघांची अभिक्रिया होऊन शून्य अंकाचा, म्हणजे मुक्त क्लोरीन वायू बाहेर पडतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारी व्यक्ती नेमकी तेथेच वाकलेली असते. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत सफाईचे काम करणाऱ्या मावशींना असाच त्रास झाला. त्यांना कोणीही हे सांगितले नव्हते, आणि ही चूक त्यांची नव्हे, दोन्ही बाटल्या त्यांच्या हाती देणाऱ्या आम्हा रहिवाशांची होती. असा वास आला तर घासत न राहता ताबडतोब बाहेर यावे, दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि खोकला किंवा दम लागला असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच-साफ द्रव यांनाही एकत्र आणू नये. त्यातून क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन-पाणी घातले की क्लोरीन आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेते आणि आयोडीन मोकळे होते. ते पाण्यापेक्षा सेंद्रिय द्रावकात अधिक विरघळते म्हणून त्या थराला जांभळा रंग येतो. पूर्वी यासाठी आम्ही कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास वापरत होतो. ते यकृताला घातक आहे, म्हणून आता सायक्लोहेक्झेनसारखा द्रावक वापरावा. मात्र तो पाण्यापेक्षा हलका असल्याने रंगीत थर खाली न दिसता वर दिसतो, हे ध्यानात ठेवावे. विद्यार्थिनीने आणखी क्लोरीन-पाणी घातले तेव्हा अभिक्रिया थांबली नाही. वाढीव क्लोरीनने मोकळ्या झालेल्या आयोडीनकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि आयोडिक आम्ल तयार केले, ज्यात आयोडीनचा ऑक्सिडीकरण अंक अधिक ५ असतो. हे आम्ल रंगहीन आहे आणि पाण्यात राहते, म्हणून जांभळा थर पुसला गेला. तिची परीक्षा फसली नाही. तिने एकाच नळीत दोन अभिक्रिया एकापाठोपाठ पाहिल्या. क्लोरीन-पाणी थेंबाथेंबाने घालून प्रत्येक थेंबानंतर नळी हलवली तर दोन्ही टप्पे वेगळे दिसतात. मिश्रणात आयोडाइड आणि ब्रोमाइड दोन्ही असतील तर आधी जांभळा येतो, मग तो जातो, आणि त्यानंतर ब्रोमीनचा नारिंगी रंग उमटतो; प्रात्यक्षिकांच्या सगळ्या वर्षांत मला याइतकी देखणी परीक्षा दुसरी आढळली नाही.

यातून एक गोष्ट पुढे येते, जी पाठ्यपुस्तकात बहुधा तळटीपेइतकीच जागा घेते. आयोडाइडमधून क्लोरीन आयोडीनला बाहेर काढते, हे ठीक; पण पोटॅशियम क्लोरेटच्या आम्लयुक्त द्रावणात आयोडीन घातले तर उलटे घडते. आयोडीन क्लोरीनला बाहेर काढते आणि पोटॅशियम आयोडेट तयार होते. क्रम उलटला असे वाटते, पण येथे प्रश्नच वेगळा आहे. पहिल्या अभिक्रियेत इलेक्ट्रॉन घेण्याची स्पर्धा होती, दुसरीत ऑक्सिजनला सांभाळून अधिक ५ या अंकात स्थिर राहण्याची आहे. मोठा, सैल बांधणीचा आयोडीन अणू ती जागा क्लोरीनपेक्षा सहज पेलतो. ‘आयोडीन आळशी आहे’ असे वाक्य मी वहीत पाहिले की लाल शाईने ‘कोणापुढे?’ असे लिहीत असे.

लोखंडाच्या उदाहरणातही हेच दिसते. तापलेले लोखंड क्लोरीनमध्ये फेरिक क्लोराइड देते, पण आयोडीनबरोबर फेरस आयोडाइडच मिळते. फेरिक आयन ०.७७ व्होल्टचा ऑक्सिडक आहे, आयोडीनचे ०.५४ त्याहून कमी असल्याने आयोडाइड त्याला फेरसपर्यंत खाली आणते. संहत सल्फ्युरिक आम्लाशी मीठ नुसता हायड्रोजन क्लोराइड वायू देते, ब्रोमाइड तपकिरी वाफाही देते, आणि आयोडाइड तर आम्लाचेच क्षपण गंधक व हायड्रोजन सल्फाइडपर्यंत नेते. त्या कुजक्या अंड्यांच्या वासाचे कारण ते आहे.

भौतिक गुणांबद्दल थोडक्यात. रेणू मोठा होत गेला तसा त्याचा इलेक्ट्रॉनांचा पसारा अधिक लवचीक होतो आणि रेणूंमधील आकर्षण वाढते, म्हणून उत्कलनांक उणे १८८, उणे ३४, ५९ आणि १८४ अंश सेल्सिअस असे चढत जातात. आयोडीन कधी द्रव होत नाही, ते थेट वायू होते, हा समज मात्र चुकीचा आहे. ते ११४ अंशांना वितळते. त्याआधीच त्याची बाष्पे भरपूर निघतात आणि गडद जांभळ्या वाफेआड द्रव दिसत नाही, एवढेच. याच कुटुंबातील, आयोडीनच्या खालचे किरणोत्सारी ॲस्टॅटीन १९४० मध्ये बर्कली येथे तयार केले गेले. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे आठ तास आहे, त्यामुळे त्याच्या रंगरूपाविषयीची उत्तरे अनुमानेच समजावीत.

हायड्रोफ्लोरिक आम्लाविषयी एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. हायड्रोजन आणि फ्लोरीन यांच्यातील बंध अतिशय बळकट असल्याने पाण्यात ते दुबळे आम्ल ठरते, आणि ‘दुबळे’ हा शब्द वाचून विद्यार्थी त्याला निरुपद्रवी समजतात. ते काच खाते, त्वचेतून आत जाते, आणि फ्लोराइड शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. वेदना कधी कधी तासांनी सुरू होते. ज्या प्रयोगशाळेत हे आम्ल आहे तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल तर बाटलीचे झाकण उघडू नये.

विद्यार्थिनीला एक प्रयोग सुचवतो, जो तिच्या दोन्ही प्रश्नांना जोडतो. स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठात आयोडाइड नसते, पोटॅशियम आयोडेट असते, कारण आपल्या दमट हवेत आयोडाइडचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन आयोडीन उडून जाते, तर आयोडेट टिकते. ग्राहकाच्या हाती येईपर्यंत मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. चमचाभर मीठ थोड्या पाण्यात विरघळवावे, त्यात भाताची गार पेज घालावी, महाविद्यालयातील पोटॅशियम आयोडाइडचे काही थेंब आणि शेवटी विरल आम्लाचा एक थेंब घालावा. आम्ल पडताच आयोडेट आणि आयोडाइड यांची अभिक्रिया होऊन आयोडीन मोकळे होते आणि पेजेतील स्टार्चमुळे द्रावण निळे होते. एकच मूलद्रव्य येथे ऑक्सिडक आहे आणि क्षपणकही. त्या निळ्या रंगात आयोडीनचे जे दर सहा अणू नव्याने मोकळे झालेले असतात, त्यांपैकी पाच बाटलीतल्या आयोडाइडमधून आलेले असतात आणि एक मिठातल्या आयोडेटमधून.